हयात मालकाची सही

गाडी न्यायला माणूस अकरा वाजता येणार होता. तो सव्वानऊलाच दारात उभा राहिला आणि रोशनीने आठवडाभर मनात घोळवून ठरवलेलं सगळं तिथेच कोलमडलं.

ठरलं होतं ते असं. साडेदहाला तिने बाबांना ऑटोत बसवून रामदासपेठेत डॉक्टरांकडे न्यायचं. तपासणी, मग रक्त, मग सीताबर्डीला उतरून चष्म्याची काडी बदलायची, अशी दुपार काढायची. तेवढ्यात कोइमतूरला नोकरीला असलेला तिचा भाऊ अश्विन कामठी रोडवरच्या ट्रेलरवर गाडी चढवून देईल. बाबा घरी आले की आईने सांगायचं, गाडी सर्व्हिसिंगला गेली. दोन दिवस सर्व्हिसिंग, मग चार दिवस, मग बाबा विसरतील. या विसरण्याने दोन वर्षं घराची झोप उडवली होती आणि आता त्याच विसरण्याकडून काम काढून घ्यायचं होतं. रोशनीला याची लाज वाटत होती. पण दुसरा उपाय तिला सुचला नव्हता.

"कॅरियरकडून आलो, उन्मेष," दारातला तरुण म्हणाला. गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. "वॅगन-आर कोइमतूरले जाऊन राहिली ना? ट्रेलर लवकर भरला ताई. साडेदहाले निघते. नाई जमत तर मंग पुढच्या सोमवारी."

"हळू बोला ना भाऊ."

"कोण आहे वं?" आतून बाबांचा आवाज आला.

"कोणी नाई बाबा. गॅसवाला."

आतल्या खोलीत तिचे बाबा, दादाजी मेश्राम, पेपर वाचत बसले होते. वाचत म्हणजे त्यांच्या पद्धतीने. लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची. आरटीओत छत्तीस वर्षं कारकुनी करून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण ती पट्टी निवृत्त झाली नाही. रोशनीचा नर्सिंगचा अर्ज, अश्विनच्या कॉलेजचे कागद, दोघांच्या लग्नपत्रिका, सगळं त्या पट्टीखालून गेलं होतं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे लायसनचे अर्ज त्यांनीच ओट्यावर बसून भरून दिले होते. बाबांनी वाचल्याशिवाय या घरातून कागद बाहेर जात नाही हे इंदोरा वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. आजचा कागद मात्र त्यांच्यापासून लपवायचा होता.

रोशनीने अश्विनला खुणेने बाहेर बोलावलं. "तू गाडी दाखव याले. मी बाबांले मागच्या दारानं नेतो."

"किल्ली?"

"आईकडं आहे. घे तिच्याकडून."

आई, सिंधूताई, ओट्याजवळ उभीच होती. तिने पदराच्या गाठीतून दोन्ही किल्ल्या काढून मुलाच्या हातावर ठेवल्या. एक बाबांच्या खिशातली होती. ती तिने सकाळी, ते आंघोळीला गेले असताना काढली होती. चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्याच्या खिशात तिने हात घातलेला हा पहिलाच प्रसंग.

* * *

अश्विनला वाटत होतं, अर्ध्या तासाचं काम. त्याला ट्रेलरवर गाड्या कशा चढतात ते माहीत होतं, त्याआधी गाडीची अशी झडती होते हे माहीत नव्हतं.

उन्मेषच्या कागदावर गाडीचं चारही बाजूंनी काढलेलं चित्र होतं. तो गाडीभोवती फिरत एकेक ओरखडा बोटाने चाचपायचा आणि चित्रावर खूण करायचा. नंतर तिकडे पोचल्यावर कोणी भांडू नये म्हणून. "डाव्या दाराले पोचा. मागच्या बंपरले दोन. पेट्रोल पाव टाकीच्या खाली पायजे, ते आहे. सामान काढा साहेब. आत काही राहिलं तर आमची जिम्मेदारी नाई."

मागच्या बंपरच्या दुसऱ्या खुणेशी अश्विनची नजर अडखळली. ती पिंकीची. समोरच्या घरातली अकरा वर्षांची पोर, तीन आठवड्यांपूर्वी सायकलवरून शाळेत निघाली होती आणि बाबांनी न पाहता गाडी मागे घेतली. पोरीचा हात मोडला. तिच्या बापाने पोलिसांत जायचं टाळलं, कारण त्याचं लायसन बाबांनीच काढून दिलं होतं. त्याआधी पावसाळ्यात बाबा रामटेकच्या रस्त्याला, धानाच्या बांधीजवळ सापडले होते. इंजिन सुरू, स्वतः आत बसलेले. ऑफिसले उशीर झाला, असं म्हणत होते. निवृत्तीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

रामटेकनंतर अश्विनने गाडी विकायची म्हटली, तेव्हा रोशनी भांडली होती. चार दिवसाचा पाहुणा तू, तुले काय कळते, म्हणाली होती. पिंकीचा हात मोडला त्या संध्याकाळी तिनेच फोन केला. "घेऊन जा ना दादा गाडी. काहीही कर, पण इथून ने." नागपुरात विकण्यात अर्थ नव्हता. बाबांना नातवाचा वाढदिवस आठवत नव्हता, पण गाड्यांचे नंबर आठवत होते. आपली गाडी बर्डीवर उभी दिसली असती तर ते तिच्यात जाऊन बसले असते.

तो सामान काढू लागला. छत्री, पुसायचं फडकं, आईची पाठीची उशी. ड्रायव्हरसमोरची उन्हाची झडप त्याने खाली केली आणि तिथून एक घडी घातलेला कागद मांडीवर पडला. बाबांचं अक्षर, टपोरं, सुटं. प्रत्येक ओळ पट्टीने आखलेली.

'कमानीतून आत. डावीकडे तिसरी गल्ली. निळं फाटक. हे आपलं घर.'

अश्विनने तो कागद दोनदा वाचला. म्हणजे बाबांना माहीत होतं. सगळे त्यांच्यापासून लपवत होते आणि ते सगळ्यांपासून. त्याला एकदम घरात जाऊन बाबांच्या शेजारी बसावंसं वाटलं. पण उन्मेष समोर उभा होता आणि घड्याळात पावणेदहा झाले होते.

"साहेब, इथं सही. बाकी तुम्ही ऑनलाइन भरलंच आहे." उन्मेषने छापील कागद पुढे केला, मग थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट झालं साहेब. माहे वडीलही मागच्या साली गेले. घरातली गाडी अशी पाठवताना जीव तुटते."

अश्विनला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं.

आठ दिवसांपूर्वी, ऑफिसात जेवता जेवता त्याने मोबाइलवर हे बुकिंग केलं होतं. पाठवणारा कोण, या प्रश्नाला तीन उत्तरं होती. स्वतः मालक. मालकाने परवानगी दिलेला. वारस, मालक मयत. दुसऱ्याला मालकाची सही आणि त्याच्या फोनवर येणारा नंबर लागत होता. सही म्हणजे पट्टी, आणि पट्टी म्हणजे सगळं उघडं पडणार. तिसऱ्याला काहीच लागत नव्हतं. त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं होतं. नुसता रकाना तर आहे, कोण बघतंय, असं त्याला वाटलं होतं. या बापाच्या मुलाला असं वाटावं!

"हो," तो एवढंच म्हणाला.

निळं फाटक वाजलं. दादाजी बाहेर आले होते, शर्ट पँटमध्ये खोचून, खिशाला पेन लावून. मागून रोशनी धावत आली. "बाबा, ऑटो मागं उभा आहे ना, चला."

"गॅसवाला गाडीभोवती कायले फिरून राहिला?"

उन्मेषने त्यांच्याकडे पाहिलं, मग अश्विनकडे. "हे काका कोण आहेत?"

अश्विनने तोंड उघडलं. सांगायला एकच शब्द होता, बाबा. तो उच्चारला असता तर तो छापील कागद खोटा ठरत होता.

"हे... घरचेच आहेत," तो म्हणाला.

दादाजींनी ते ऐकलं. त्यांनी मुलाकडे पाहिलंही नाही. उन्मेषपुढे हात केला. "मी या गाडीचा मालक. कागद दाखवा."

* * *

बैठकीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल होतं. दादाजी तिथे बसले. कागद सरळ केला. पट्टी ठेवली. उन्मेष दाराशी चपला काढून अवघडून उभा राहिला.

सिंधूताई स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून नवऱ्याची पाठ बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे कागदात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, फार तर ते चिडतील, गाडी जाऊन राहिली हे कळेल. ओरडतील. ओरडू देत. घरात ओरडलेलं बरं, रस्त्यावर कोणाचं लेकरू चाकाखाली येण्यापेक्षा.

पट्टी खाली सरकत होती. गाडीचा नंबर. इंजिन नंबर, चेसिस नंबर. तो दादाजींनी तोंडपाठ म्हणून कागदाशी जुळवला. नागपूर ते कोइमतूर. मग पट्टी एका ओळीखाली थांबली आणि सरकेना.

"हे कोणी भरलं?"

"मी, बाबा," अश्विन म्हणाला.

"मयत लिहिलं आहे."

रोशनी पुढे झाली. तिने वाकून ओळ वाचली आणि भावाकडे वळली. "दादा? तू असं लिहिलं?"

"अगं, तो नुसता ऑप्शन होता, त्यात सही लागत नाही म्हणून..."

"मेले लिहून देल्लं तू! जित्या माणसाले!"

"तूच म्हणाली ना, काहीही कर म्हणून!"

"गाडी ने म्हटलं होतं मी. बापाले मारून टाक नव्हतं म्हटलं!"

"आणि गॅसवाला कोण म्हणालं? डॉक्टरचं खोटं कोणाच्या डोक्यातून निघालं? आता मीच एकटा वाईट?"

"चुप बसा दोघंही," दादाजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खिडकीपलीकडच्या रांगेला ते असंच गप्प करायचे. "तारखेचा रकाना रिकामा आहे. मयत लिहिलं तर तारीख लागते. कोणत्या तारखेले गेलो मी?"

उन्मेष फरशीकडे बघत होता.

"अर्ज अपूर्ण आहे," दादाजी म्हणाले.

त्यांना आपला बाप दिसत होता. आजकाल सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण बाप लख्ख दिसे. संपत मेश्राम, मिलमध्ये मजूर. मिलचा कारकून हजेरीपटावर 'संप्या' लिहायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन बाप मैदानावरून परतला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी जाऊन म्हणाला, संपत लिहा, पूर्ण लिहा. कारकुनाने चार दिवस त्याची हजेरी लावली नाही. पाचव्या दिवशी लिहिलं. बाप दर वर्षी धम्मचक्राच्या दिवशी ही गोष्ट सांगायचा, आणि शेवटी म्हणायचा, कारकून हो पोरा, माणसाचं नाव कारकुनाच्या हातात असते. म्हणून ते कारकून झाले. छत्तीस वर्षांत कोणाचंही नाव त्यांनी चुकीचं लिहिलं नाही. गाडी घेतली तेव्हा आवडीचा नंबर मिळाला असता, तोही मागितला नाही. रांगेत आला तो घेतला. गाडीच्या पुस्तकावर पूर्ण नाव आलं, दादाजी संपत मेश्राम, आणि त्या दिवशी ते पुस्तक घेऊन ते बापाच्या फोटोसमोर उभे राहिले होते. आणि आज त्याच नावापुढे पोराने मयत लिहिलं.

"तुले माहीत होतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं. तो प्रश्न सिंधूताईला होता हे सगळ्यांना कळलं.

मुलं तिच्याकडे बघू लागली. नाई म्हण, असं दोघांच्याही डोळ्यांत होतं. ती पुढे येऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. एरवी ती त्या खुर्चीवर कधी बसत नसे.

"हे मयताचं नव्हतं माहीत. पण गाडी जाऊन राहिली हे माहीत होतं. तुमच्या खिशातली किल्ली मीच काढली."

"काहून?"

"पिंकीचा हात मोडला म्हणून."

"कोणाचा हात?"

रोशनीने तोंड फिरवलं. तीन आठवडे सगळ्यांनी हे त्यांच्यापासून झाकलं होतं. त्यांना आठवत नव्हतं आणि कोणी आठवण करून दिली नव्हती. सिंधूताईने सांगितलं. काही गाळलं नाही. गाडी मागे गेली, सायकल पडली, पोर किंचाळली, आणि तुम्ही खाली उतरून विचारलं, हे कोणाचं लेकरू आहे?

"मी?"

"तुम्हीच."

दादाजी उठले. खिडकीशी गेले. समोरच्या ओट्यावर पिंकी डावा हात गळ्यात अडकवून उजव्या हाताने चित्र काढत बसली होती. ते बराच वेळ बघत राहिले. सिंधूताईला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. या माणसाशी आपण तीन आठवडे खोटं वागलो, त्याला कुक्कुलं बाळ समजलो, आणि खरं सांगितलं तर हा उभा राहून ऐकतो आहे. तिला स्वतःचा राग आला.

दादाजी परत टेबलाशी आले. खिशातून पेन काढून त्यांनी त्या कागदावर तिरप्या दोन रेघा मारल्या आणि मध्ये लिहिलं, रद्द.

"दुसरा फॉर्म आहे का, बाळा?" त्यांनी उन्मेषला विचारलं. "मालक हयात असल्याचा?"

"आहे ना काका. पण त्यात तुमची सही, आणि फोनवर नंबर येते तो सांगा लागते."

"मंग दे."

"बाबा," अश्विन म्हणाला, "राहू द्या. मी बुकिंग रद्द करतो. गाडी इथंच..."

"पोरीचा हात पाह्यला का तू?" दादाजी म्हणाले. "गाडी जाईन. पण मी जिता असताना जाईन."

त्यांनी फॉर्म स्वतः भरला. एकेक रकाना, पट्टी धरून. परराज्यात गाडी जाते तर आरटीओची ना-हरकत, म्हणजे एनओसी, कधी घेणार, हे अश्विनकडून कबूल करून घेतलं. फोन वाजला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले, एकही चुकला नाही. मग सही केली, खाली रेघ मारली, आणि तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

ते थांबूनच राहिलं. दादाजींनी हळूच नजर उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पानावर तीस चौकोन होते आणि त्यातला आजचा कोणता हे त्यांना कळत नव्हतं.

सिंधूताईने पुढे वाकून हळू आवाजात तारीख सांगितली. त्यांनी लिहिली.

* * *

गाडी गल्लीतून उन्मेषने काढली. पिंकी ओट्यावरून उठून उभी राहिली. दादाजी फाटकाशी होते. उन्मेष गाडी मागे घेत असताना त्यांनी हात दाखवला, येऊ दे, येऊ दे, बस. कामठी रोडवर जायला त्यांनी नकार दिला.

ट्रेलर वरच्या-खालच्या मजल्यावर गाड्या घेऊन निघून गेला, तेव्हा अश्विन एकटाच रस्त्याच्या कडेला उभा होता. खिशात तो घडी घातलेला कागद होता. घरी येईपर्यंत त्याने मनात बरंच बोलून ठेवलं होतं. बाबा, माझं चुकलं. बाबा, मी असा का वागलो मला समजत नाही. घरी बाबा झोपले होते. रोशनी त्याच्याशी बोलली नाही. तिने ताट वाढलं आणि ड्यूटीवर निघून गेली.

चारच्या सुमारास दादाजी उठले, तोंड धुतलं, शर्ट घातला आणि खिसा चाचपत बाहेर आले. फाटकाशी जाऊन थांबले. गाडीच्या जागी फरशीवर तेलाचा जुना डाग तेवढा होता.

"सिंधू, गाडी कुठं आहे?"

सिंधूताईने हातातली परात खाली ठेवली. सर्व्हिसिंगला गेली, हे वाक्य आठवडाभर घोकलेलं होतं. ते तिने म्हटलं नाही. आत जाऊन टेबलावरची प्रत आणली आणि पट्टीसकट त्यांच्या हातात दिली.

ते ओट्यावर बसले आणि वाचू लागले. अश्विन दोन हातांवर उभा होता. आता सांगावं, आता पाय धरावे, असं त्याच्या मनात चाललं होतं. पण काय सांगणार? सकाळचं बाबांच्या डोळ्यांत काहीच उरलं नव्हतं. ना मयत, ना पिंकीचा हात. ज्याची माफी मागायची ते आता त्याला एकट्यालाच आठवत होतं.

पट्टी शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"सही माहीच आहे," दादाजी म्हणाले. त्यांनी सहीवरून अंगठा फिरवला. "मी देल्ली का गाडी?"

"हो," सिंधूताई म्हणाली. "अश्विनले देल्ली."

दादाजींनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि हसले.

"मागितली असन त्यानं," ते बायकोला म्हणाले. "पोरानं मागितल्यावर नाई कसं म्हणू मी?"

आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो वरच्या खिशात, पेनाशेजारी ठेवला. तासाभराने त्यांनी पुन्हा विचारलं, गाडी कुठं आहे.